लिंबोनीखालची माती

मच्छिंद्राच्या दारची लिंबोनी पिवळी पडायला लागली, आन हे मच्छिंद्राच्या आदी हनुमंताला दिसलं. हनुमंत म्हंजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी, नात्यानं चुलतभाऊ, आन काष्टीच्या आजूबाजूच्या दहा-बारा वस्त्यांना फुकट सल्ला पुरवनारा मानूस. त्याच्या सल्ल्यानं कुनाचं भलं झाल्याचं कोनी आयकलेलं न्हाई. पन सल्ल्यावाचून त्यानं कुनाला मागारी धाडल्याचंबी आयकलेलं न्हाई.

"लोखंड कमी पडलंय झाडाला," तो तंबाखू मळत म्हनला. "गंजके खिळे पूर बुडाला."

मच्छिंद्रानं पावशेर खिळे पुरले. पानं आजून पिवळी झाली, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मंग हनुमंत म्हनला ताक घाल. ताक घातलं तर त्याच्या वासानं वस्तीवरची समदी कुत्री गोळा झाली आन त्यांनी आळं उकरलं. कुत्री येऊ न्हाईत म्हनून बाभळीच्या काट्या लावल्या, तर पहिल्याच सकाळी काटा मच्छिंद्राच्याच टाचेत गेला. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. म्हंजे इलाज चालला हुता झाडावर आन सुई टोचली मालकाला. डॉक्टरनं इचारलं, "काय करत होता?" आता काय सांगायचं? मच्छिंद्र म्हनला, "शेतीकाम."

आता तुमी म्हनाल, एका लिंबाच्या झाडापायी एवढं काय? आन आमच्या श्रीगोंद्याच्या अंगाला लिंबाला काय तोटा हाय का? बरोबर हाय. खुद्द मच्छिंद्राची दीडशे झाडं पलीकडच्या पट्टीत उभी हायती. पन ती बाजाराची. गोनी भरायची, टेम्पोत टाकायची, संपलं. त्याची बायको चांगुणा जल्मभर म्हनत राहिली, "अवो, दारात एक झाड लावा की, माज्या लोनच्यापुरतं. गोन्या भरभरून लिंबं जात्यात आन मी आपली डागी-किडकी निवडून बरनीत घालते." मच्छिंद्र म्हनायचा, "लावू की." अठ्ठावीस वर्सं तो "लावू की" म्हनला. खोटं बोलत न्हवता बिचारा. लावनारच हुता.

मंग गेल्या माघात चांगुणा तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली.

आमच्याकडं आता एक रीत पडलीय. तिसऱ्या दिवशी सावडलं की समदी राख नदीला न्हेत न्हाईत. वावरात खड्डा घ्यायचा, थोडी राख त्यात टाकायची आन वर एक झाड लावायचं. नदी तेवढी घान हुत न्हाई, आन मानूसबी घरच्या घरीच ऱ्हातं. कोन आंबा लावतं, कोन नारळ. मच्छिंद्रानं लिंबोनी लावली. तवा हनुमंताची बायको पुष्पावती सगळ्यांच्या देखत म्हनली, "अवो भाऊजी, लिंबू उतरून टाकत्यात मानसावरनं. मेलेल्या मानसावर कोन लावतं व्हय?" मच्छिंद्रानं राखेची पाटी उचलली. बाकीचे लोक खड्ड्यात मूठ-दोन मूठ राख टाकत्यात, उरलेली नदीला सोडत्यात. ह्यानं पाटी भरून सगळीच्या सगळी खड्ड्यात वतली. अर्धी चांगुणा हितं आन अर्धी घोडनदीत, हे त्याच्या जिवाला पटंना.

तर ती ही लिंबोनी. दहा महिन्यांची. आन ती मरायला लागली हुती.

एक दिवस हनुमंत मोबाईल नाचवत आला. "मच्छिंद्रा, काम झालं तुझं! शेतकीच्या विद्यापीठाचा कागद आलाय." विद्यापीठाचं नाव मी सांगत न्हाई, तिथली मान्सं चांगली हायती, उगं त्यांना तरास. कागदावर लिवलं हुतं, विद्यापीठाच्या आवारात येत्या पंधरवड्यात कोनते कार्यक्रम, कोनत्या सेवा आन कोनत्या संधी हायती. हनुमंतानं तो मथळ्यापासनं वाचायला घेतला. मधमाशीपालनाचं शिक्षन. कलमांची इक्री. शिवारफेरी, चहासह. पोरांसाठी रोजगार मेळावा. रक्तदान. गाभन गाईंची तपासनी. मच्छिंद्राला मदी दोन डुलक्या लागल्या. शेवटाला एक ओळ हुती: गुरुवारी माती परीक्षन, मोफत.

"झाडाला काय झालंय ते मातीला इचारायचं," हनुमंत म्हनला. "माती खोटं बोलत न्हाई."

एवढं एक वाक्य त्याच्या तोंडनं त्या साली शहान्यासारखं आलं.

माती कशी काढायची त्याचंबी कागदावर लिवलेलं. खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडायची, गोनपाटावर ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे दोन टाकून द्यायचे. परत ढीग, परत चार भाग, परत दोन टाकायचे. असं करत करत अर्धा किलो उरवायची. हनुमंत वाचत हुता, मच्छिंद्र लिंबोनीच्या बुडाशी बसून करत हुता. ढीग झाला. चार भाग झाले.

"आता हे दोन भाग टाकून दे," हनुमंत म्हनला.

"कुठं टाकू?"

"टाक की कुठंबी. मातीच हाय."

मच्छिंद्रानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. हनुमंतानं मोबाईल गपचिप खिशात घातला.

मंग सगळीच्या सगळी घ्यायची ठरली, पाच-सहा किलो. खताची पिशवी चालनार न्हाई असं कागदावर लिवलेलं. घरात दुसऱ्या पिशव्याच न्हाईत, शेतकऱ्याच्या घरात पिशवी म्हंजे खताचीच. पुष्पावतीनं नवं कोरं मडकं आनून दिलं, आन माती सांडू नये म्हनून तोंडाला एक लाल फडकं बांधलं. काम चोख केलं बाईनं. फकस्त ते दिसतं कसं, ह्याचा इचार कोनीच केला न्हाई.

इचार केला एस.टी.तल्या लोकांनी. डोक्यावर टोपी, दाढी वाढलेली, मांडीवर लाल फडक्याचं मडकं. कंडक्टरनं एका कॉलेजच्या पोराला उठवलं. "काकांना बसू दे रे." पोरगं उठलं, हात जोडून उठलं. शेजारी कोनी बसंना. एका म्हातारीनं कनवटीचं नानं काढलं, मडक्यावर ठेवलं आन कपाळाला हात लावला. न्हाई म्हनावं तर ते खोटं, व्हय म्हनावं तर ते अर्धंच खरं.

पलीकडचा एक मानूस हळूच म्हनला, "नाशिक का पैठन, पावनं?"

"न्हाई," मच्छिंद्र म्हनला. "विद्यापीठात चाललोय. तपासून घ्यायला. कशानं मरतंय ते कळंना."

गाडीत जे शांत झालं ते नगर येईपर्यंत शांत. नगरच्या स्टँडवर उतरताना कंडक्टर कानाशी लागून म्हनला, "काका, पोलीस केस झाली असंल तर वकील चांगला द्या."

पुढची गाडी धरून मच्छिंद्र विद्यापीठाच्या दारात उतरला तवा दहा वाजले हुते. आवार म्हंजे केवढं! काष्टीचा आख्खा बाजार त्यात चार येळा मावंल. कमानीवर फलक, झाडाला फलक, आन प्रत्येक फलकावर बान काढलेला, ते सगळे बान एकाच दिशेला. मच्छिंद्रानं चौथीपतुर शाळा केलेली, पन बान वाचता येतो. बान धरून गेला आन जिथं लोक रांगंत उभे हुते तिथं उभा राहिला. रांगंत समदी तरनी पोरं, इस्तरीच्या कापडातली, हातात कागदाच्या फायली. मच्छिंद्राला वाटलं, बघा, आताची पोरं मातीबद्दल किती जागरूक झाल्यात.

दीड तासानं टेबल आलं. टेबलावरच्या टायवाल्यानं मान वर न करता इचारलं, "शिक्षण?"

"चौथी."

"अनुभव?"

"चाळीस वर्सं."

"कशाचा?"

"मातीचा."

तेवा त्यानं मान वर केली. मडकं बघितलं, दाढी बघितली. ते रोजगार मेळाव्याचं टेबल हुतं. पन मानूस भला निघाला, हसला न्हाई. "काका, माती परीक्षण मागच्या इमारतीत," म्हनला. मागची पोरं मातर हसली. एक जन म्हनला, "आज्यालाबी नोकरी पायजे राव!" मच्छिंद्र ताठ मानेनं चालत गेला. पन चालताना त्यानं मडकं छातीशी धरलं, जसं काय ते हसू आत जाऊ नये म्हनून.

मागच्या इमारतीत गहिनीनाथ नावाचे कारकून बसले हुते. चष्मा टोपीत खोचलेला, आवाज गोड. "या काका. आधार?" हाय. "मोबाईल नंबर?" हाय. "सातबारा?" हाय. गहिनीनाथांनी सातबारा वाचला. "खातेदार चांगुणा मच्छिंद्र. तुम्ही कोण?"

"मच्छिंद्र."

"मग खातेदार कुठायत? योजना खातेदारासाठी आहे, काका. खातेदार स्वतः हजर पाहिजेत."

दारचा तो वीस गुंठ्यांचा तुकडा चांगुणाच्या नावावर घेतलेला. ती गेल्यावर तलाठ्याकडं जाऊन वारसाची नोंद लावायची असती. हनुमंतानं चार येळा आठवन केली. मच्छिंद्र दोनदा तलाठ्याच्या दारापतुर जाऊन आला. नाव कमी करा, असं तोंडानं म्हनावं लागतं तिथं. ते त्याला जमंना.

"हजर हाय," मच्छिंद्र म्हनला, आन त्यानं मडक्यावर हात ठेवला.

गहिनीनाथांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. झाडाखाली पाच-सात बाया बसल्या हुत्या. "बरं बरं, बाहेर बसल्यात होय. ऊन आहे, बसू द्या. सातबाऱ्याची एक झेरॉक्स तेवढी आणा. मडकं इथंच ठेवा, मी नंबर घालून घेतो."

मच्छिंद्राचं मन हुईना. पन गहिनीनाथांचा आवाज असा, की मानूस किडनीबी ठेवून जाईल. झेरॉक्सचं दुकान कमानीच्या बाहेर. तिथं लाईट गेलेली. लाईट आली तर कागद अडकला. कागद निघाला तर त्यावर चांगुणाचं नाव अर्धंच उमटलं, म्हनून दुसरी काढली. पाऊन तासानं मच्छिंद्र घामानं भिजून आला.

मडकं टेबलावर हुतं. उपडं. धुऊन, पुसून, लख्ख.

"तुमचं काम करून टाकलं काका," गहिनीनाथ खुशीत म्हनले. "कुणी एवढी आणतं का? चार भाग केले, अर्धा किलो घेतली, बाकीची टाकून दिली. मडकंही धुतलं, तुम्हाला पाणी प्यायला होईल."

"कुठं टाकली?"

कोपऱ्यात एक निळा ड्रम हुता. त्यात सकाळपासनं आलेल्या गावोगावच्या मात्या. नेवाशाची काळी, पारनेरची मुरमाड, भंडारदऱ्याकडची तांबडी. मच्छिंद्र ड्रमाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आन वाकून आत बघत राहिला. गहिनीनाथांना वाटलं, काकांना उन्हानं चक्कर आली. त्यांनी खुर्ची दिली, आन त्याच मडक्यातनं पानी दिलं. मच्छिंद्रानं ते हातात धरलं. प्यालं न्हाई. चांगुणानं जल्मात शाळेची पायरी बघितली न्हवती, अंगठा करायची. आन आता अर्धी विद्यापीठात ऱ्हानार हुती, जिल्ह्याच्या समद्या लोकांच्यात.

आतल्या खोलीतनं एक पोरगी आली, पांढऱ्या कोटातली. राजनंदिनी तिचं नाव, तिथंच पुढचं शिकत हुती आन मात्या तपासत हुती. "काष्टीचे काका कोण? आत या." आत काचेच्या भांड्यात पानी, पान्यात माती, मातीत एक दांडी बुडवलेली, आन डबीवर आकडे. सगळा अहवाल आठ दिवसांनी मिळंल म्हनली, पन एक गोष्ट आत्ताच दिसतीय.

"काका, सामू, म्हणजे पीएच, नऊच्या वर गेलाय. माती फार खारवट झालीय. लिंबू टिकणार नाही असं. तुम्ही यात राख टाकलीय का?"

"व्हय."

"चुलीतली?"

"न्हाई."

"बरं, कसलीही असू दे. किती टाकली? एक घमेलं? दोन?"

"जेवढी झाली तेवढी," मच्छिंद्र म्हनला. "आमची मालकीन हुती, ताई. चांगुणा. त्या कागदावर नाव हाय न्हवं, तीच. पाटीभर झाली."

राजनंदिनीच्या हातात लोखंडी चमचा हुता. तो तिनं कागदावर ठेवला, वाजू नये असा. मंग उठली, बाहेर गेली, ड्रमाशी वाकली आन दोन्ही हातांनी वरवरची माती मडक्यात भरायला लागली. "वरची तुमचीच असेल काका... शेवटी तुमचीच टाकली ना... वरची तुमचीच..." गहिनीनाथ म्हनले, "अगं ते धुतलंय मी!" मडकं भरून तिनं मच्छिंद्राच्या हातात दिलं. कोपरापतुर माती लागली हुती पोरीला.

मच्छिंद्रानं बघितलं. माती तांबडी हुती. कुनाच्या तरी डोंगराकडच्या वावरातली. पन पोरीच्या तोंडाकडं बघून तो म्हनला, "व्हय ताई, हीच. हीच माजी." आन वळखीपाळखीच्या नसलेल्या मानसाची माती मांडीवर घेऊन तो दोन गाड्या बदलून घरी आला.

निघताना तिनं कागदावर लिवून दिलं हुतं. दोन वाटा हायती: झाड दुसरीकडं लावा, न्हाईतर खड्ड्यातली सगळी माती काढून नवी भरा. खाली सही, शिक्का. असल्या गोष्टीला शिक्का बरा मिळतो.

हनुमंताला तर सन आल्यासारखं झालं. रोज सकाळी यायचा. "झाड हलव. झाडाला काय कळतंय?" पुष्पावती पदर सावरत म्हनायची, "आवं, झाडच हलवा भाऊजी. बाईला उठवू नये." तिसऱ्या दिवशी हनुमंतानं मत फिरवलं. "न्हाईतर असं कर, दोनी ऱ्हाऊ दे, खार मारायला जिप्सम टाक." चौथ्या दिवशी म्हनला, नवी लिंबोनी लावू, ही गेली तर गेली.

मच्छिंद्र आयकून घ्यायचा. झाड हलवलं म्हंजे चांगुणा एकीकडं आन लिंबोनी एकीकडं. मंग अठ्ठावीस वर्सं जे हुतं तेच झालं की. लिंबं दुसऱ्याच्या वाट्याला. आन काय नाय केलं तर झाड आपलं आपन मरनार, ते तर दिसतच हुतं. वरची चार पानं गळून गेल्ती. पाचव्या दिवशी तो उठला, चहा न घेता भाईर आला, लिंबोनी मुळावरच्या गोळ्यासकट काढून गोनपाटात बांधली, सावलीला ठेवली, पानी शिंपडलं आन कुदळ घेतली.

"उठ बाई जरा," तो म्हनला. "थोडंच सरकायचं हाय."

माती काढून कुठं टाकायची हे त्यानं मनाशी ठरवलं हुतं. झाडाच्या पाठीमागं चार पावलांवर कांद्याची वाफं, तिथं पसरायची, पातळ, म्हंजे ती झाडाजवळच ऱ्हाईल. पहिलं घमेलं न्हेऊन आला. दुसरं न्हेऊन आला. तिसऱ्याला बघतो तर हनुमंत उभा, स्वतःचं घमेलं घेऊन. सल्ला न्हाई, इचारपूस न्हाई, तंबाखू न्हाई. दोघं भरत गेले, न्हेत गेले. वरची वीतभर माती करडी हुती, हाताला पिठासारखी लागायची. खाली गेल्यावर करडी कमी, काळी जास्त. मंग एकेक ठिपका. मंग एखादाच.

दुपार झाली. पुष्पावतीनं भाकरी आनून ठेवली, ती तशीच राहिली. खड्डा गुडघ्याला आला, मांडीला आला, कमरंला आला. मच्छिंद्र आत, हनुमंत वर. मच्छिंद्र प्रत्येक मूठ हातावर घ्यायचा, बोटानं पसरायचा, उजेडाला धरून बघायचा, आन मंग घमेल्यात टाकायचा. परत कुदळ मारायचा. ती कुठं संपती ते त्याला कळंना. आर्धा तास झाला, एक ठिपकाबी दिसला न्हवता, तरी त्याची कुदळ चालूच.

"मच्छिंद्रा," हनुमंत म्हनला, "बास कर आता, भाऊ. हितनं खाली तिचं काय न्हाई. काढायची ती काढली. आता नवी आनून भरू. तुझ्या वरच्या पट्टीतली आनू, चांगली पोयट्याची हाय. नुसती माती, दुसरं काय न्हाई तिच्यात."

मच्छिंद्र थांबला. कुदळीच्या दांड्यावर दोनी हात ठेवून खड्ड्यातनं वर बघायला लागला. वरच्या पट्टीकडं बघितलं, कांद्याकडं बघितलं, दीडशे लिंबांकडं बघितलं. बांधापतुर सगळं बघितलं.

"नुसती?" तो म्हनला. "अठ्ठावीस वर्सं हे सगळं तिनं खुरपलंय, हन्मा. नुसती कुठनं आनू?"

हनुमंतानं वरनं हात दिला. लई येळानं मच्छिंद्रानं तो धरला.